निळ्या ड्रमातली दहा मिनिटं

मंगळवारी सकाळी सात वाजता मी कणीक मळत होते. एका शेगडीवर चहा, दुसरीवर भेंडी, लेक सान्वी बाथरूममध्ये आणि नवरा सुदेश तिच्या नावाने बाहेरून हाका मारतोय, असं आमच्या घरचं रोजचं चित्र. तेवढ्यात दारावर टकटक झाली. बेल चांगली चालू असताना कोणी दार वाजवलं की मला पहिला प्रश्न हाच पडतो की हा आवाज कोणाला ऐकू जायला नकोय.

दारात कमलेश होता. आमच्या शेजारच्या सगुणाताईंचा मुलगा. तो खालच्या मजल्यावर बायकोबरोबर राहतो आणि त्याची आई आमच्या भिंतीला भिंत लावून एकटी. आत येण्याआधी त्याने वळून आईच्या बंद दाराकडे बघितलं आणि मग चप्पल काढली, तेही हळूच.

चहा दिला तरी तो घोट घेईना. कप हातात धरून सांगत राहिला की महिनाभर आईचं काहीतरी बिनसलंय. त्याच्या फ्रीजमधले बर्फाचे ट्रे ती रिकामे करून नेते आणि विचारलं तर सरबताला म्हणते. आठ दिवसांपासून तेही थांबलंय, त्यामुळे त्याला जास्तच काळजी. गच्चीची किल्ली तिने स्वतःकडे ठेवलीय. दुपारी दार लावून बसते, आतून मोठमोठे श्वास सोडल्याचे आवाज येतात. त्याच्या बायकोने वाळत घातलेल्या कपड्यांत काहीतरी काळं, जाड, माणसाच्या आकाराचं बघितलं, ते दुसऱ्या क्षणी सगुणाताईंनी काढून नेलं. एखाद्या बाबाच्या नादी लागलीय, असा त्याचा अंदाज होता. गावातली शेवटची थोडी जमीन अजून आईच्या नावावर आहे आणि असले बाबा सही घेतल्याशिवाय जात नाहीत, हेही तो एकदा बोलून गेला. मग जरा ओशाळला.

"जमिनीचं सोडा काकी," तो म्हणाला. "माझे बाबा गेले तेव्हा आम्ही दहा मिनिटं उशिरा पोचलेलो. परत तसं नको व्हायला. तुम्ही जरा लक्ष ठेवा ना. तुम्हाला तर सगळं दिसतंच."

हे शेवटचं कौतुक होतं की टोमणा, यावर मी पोळ्या लाटता लाटता बराच विचार केला. पण काम मात्र मी स्वीकारलं. खरं सांगायचं तर कोणी न सांगताही मी ते करतच होते.

सगुणाताई अठ्ठावन्न वर्षांच्या. ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या, नऊवारीतून पाचवारीत आणि पाचवारीतून गाऊनमध्ये आलेल्या, पण कपाळावरचं कुंकू तेवढंच मोठं. माहेर मिठागरातलं. वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत त्या पहाटे खाडीच्या खाऱ्या पाण्यात पोटऱ्यांपर्यंत उभ्या राहून मीठ ओढायच्या. लग्न होऊन कळव्याला आल्या त्या भाताच्या शेतात. मग शेत गेलं, टॉवर आले आणि आमची सात मजल्यांची इमारत त्यांच्याच एका तुकड्यावर उभी राहिली. पाण्याची तक्रार घेऊन सोसायटीच्या मीटिंगला मी पहिल्यांदा तोंड उघडलं, तेव्हा त्या मागच्या खुर्चीवरून म्हणाल्या होत्या, "माज्या भाताच्या शेतात झोपतंस, आनि पानी कमी म्हनून बोंबलतंस?" सगळे हसले. घरी आल्यावर मागोमाग ताट घेऊन आल्या, त्यात कांद्यावर परतलेला जवळा. अकरा वर्षं झाली त्याला. मी त्यांना अहो-जाहो करते, त्या मला अगं-तुगं. माझ्या दाराच्या भिंगाला त्या "तुज्या दाराचा डोला" म्हणतात आणि जाता-येता त्याला हात दाखवतात, मी मागे उभी असले किंवा नसले तरी.

नवरा, आनंदाभाऊ, दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेले; कुंकू त्यानंतरही सगुणाताईंनी पुसलं नाही. मुलगी कृतिका हिमाचलात एका तलावाकाठी कॅम्प चालवते, नवरा तिकडचाच. भावाबहिणीचं फोनवर बोलणं होतं, पण जपून. आईला मी सांभाळतो, हे कमलेशच्या प्रत्येक वाक्यात असतं, आणि ते खोटंही नाही. तो आईला स्टुलावर चढू देत नाही. पंखा पुसायला माणूस लावतो.

तर मी लक्ष ठेवायला लागले.

पहिली गोष्ट कानाला लागली. दुपारी तीनला भिंतीपलीकडे लाकूड घरंगळल्याचा आवाज यायचा, मग धप्प. परत घरंगळणं, परत धप्प. मध्ये एकदा हसल्याचाही आवाज आला. साखर मागायच्या निमित्ताने मी दार वाजवलं. सगुणाताईंनी अर्धंच दार उघडलं. घामाघूम झालेल्या, गाऊन खोचलेला. मागे फरशीवर एक पाट आणि त्याच्याखाली आडवं ठेवलेलं जाडजूड लाटणं. जेवायची वेळ नाही, पोळ्यांची नाही. पाटाखाली लाटणं ठेवून कोण काय करतं? साखर घेऊन आले आणि ती डब्यात ओतताना लक्षात आलं की त्यांनी वाटी शिगोशीग भरली होती. मला लवकर घालवायचं असलं की लोक हात सैल सोडतात.

दुसरी गोष्ट गुरुवारी. सकाळी पावणेसातला दूध घ्यायला खाली गेले तर लिफ्टमध्ये मासळीचा वास. ताजा, ओला, बाजारातल्या फळीसारखा. लिफ्टच्या जमिनीवर पाण्याची रेघ, आणि तिच्यात दोन खवले चमकत होते. ती रेघ आमच्या मजल्यावर उतरली नव्हती, वर गेली होती. आम्ही शेवटच्या मजल्यावर, वर फक्त गच्ची. परत आले तेव्हा जिन्यातून सगुणाताई खाली येत होत्या, केस ओले, ओठ निळसर, आणि त्यांच्या अंगालाही तोच वास. आता सगुणाताईंचा गुरुवार म्हणजे काय ते अख्ख्या मजल्याला माहीत आहे. सोमवार, गुरुवार, शनिवार त्यांच्या घरात सुकटाचा डबासुद्धा उघडत नाही. नवऱ्याच्या आजारपणातही त्यांनी गुरुवार मोडला नव्हता. ती बाई गुरुवारी सकाळी बोंबलाच्या वासाने खाली उतरते, याचा अर्थ गोष्ट साधी नव्हती.

मी म्हटलं, "लवकर आंघोळ झाली वाटतं?"

"झाली एक," त्या म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं. एक म्हणजे? अजून किती होत्या?

बगलेत त्यांच्या एक फाईल होती, इस्पितळात देतात तसली. तिच्यातून गुलाबी चौकटींचा कागद डोकावत होता. तो कागद मी ओळखते, आमच्या सासऱ्यांचे दरवर्षी निघतात. हृदयाचा आलेख. म्हणजे आजार. की बाबाच्या उपचारांआधीची तपासणी? त्या रात्री मी सुदेशला सगळं सांगितलं. तो म्हणाला, तुला पोलिसात घ्यायला हवं होतं, आणि कूस बदलून झोपला.

शुक्रवारी ब्लाउज आणायला गुरुदत्तकडे गेले. गुरुदत्त आमचा लेडीज टेलर, गल्लीतल्या सगळ्या बायकांची मापं आणि बातम्या एकाच वहीत ठेवणारा. मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला की तुमच्या शेजारणीने मला चांगलंच अडचणीत आणलं होतं. एक काळा रबरासारखा पोशाख घेऊन आल्या, गळ्यापासून घोट्यापर्यंत अखंड, पाठीवर चेन. पाय लांब होतात म्हणून चार बोटं कमी करून दे, कमरेत टक्स घाल. त्याच्या दोन सुया मोडल्या. कोणासाठी, विचारलं तर म्हणाल्या, "माज्यासाठी, दुसऱ्या कुनासाठी?" काम झाल्यावर त्यांनी दुकानाच्या आतल्या बाजूला तो घालून बघितला आणि आरशासमोर बराच वेळ गुडघे वाकवून उभ्या राहिल्या. गुरुदत्त हे सांगताना स्वतःही तसा वाकून उभा राहिला. कुठल्या पंथात बायका असं उभ्या राहतात, ते आम्हा दोघांनाही कळेना.

मग रविवारी दुपारी माझ्या फोनवर कृतिकाचा मेसेज आला. तिचा माझा तसा काही व्यवहार नाही, दिवाळीला शुभेच्छा, बस. तिने लिहिलं होतं, "काकी, खूप थँक्यू. तुम्ही रोज आईजवळ बसता म्हणून मी इकडे निर्धास्त आहे."

मी तो मेसेज तीनदा वाचला. मी सगुणाताईंजवळ शेवटची बसले होते ती हळदीकुंकवाला. म्हणजे बाई मुलीला सांगते की शेजारीण जवळ असते, मुलाला सांगते की सरबत करते, आणि वेगळंच काहीतरी गच्चीवर चाललेलं असतं, माझ्या नावाच्या आडून. इतके दिवस मला कुतूहल होतं. आता राग आला. उत्तर म्हणून मी नुसते जोडलेले हात पाठवले. ते पाठवलं आणि लगेच वाटलं, आपण या खोट्यात सही करून बसलो.

मंगळवारी मी गॅसवर काहीच ठेवलं नाही. साडेसहाला भिंगापाशी उभी राहिले. सगुणाताई बाहेर आल्या, अंगावर आनंदाभाऊंचा जुना रेनकोट, पायात मोजे, काखेत गाठोडं, हातात थर्मास. भिंगाकडे बघून हात दाखवायला विसरल्या. लिफ्टमध्ये आधीच एक गोणी होती, पाणी गळत असलेली. लिफ्ट वर गेली. बत्त्याने काहीतरी फोडल्याचे आवाज आले, मग शांत. मी पंधरा-वीस मिनिटं थांबले. शांतता जास्त वेळ टिकली की मला बसवत नाही. जिन्याने वर गेले.

गच्चीचं दार बंद व्हायला हवं होतं, पण रिकामी ओली गोणी त्यात अडकली होती. फटीतून बघितलं.

पाण्याच्या टाकीमागे तो निळा प्लास्टिकचा ड्रम होता, पाणीकपातीच्या वर्षी सोसायटीने घेतलेला. त्यात बर्फाचे तुकडे तरंगत होते आणि त्यांच्या मधोमध सगुणाताईंचं डोकं. डोक्यावर लाल माकडटोपी. गळ्यापर्यंत तो काळा पोशाख. ड्रमच्या काठाला सुतळीने माशांच्या टाकीतला थर्मामीटर बांधलेला. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. मला वाटलं, हाच तो मंत्र. बाबा कुठे दिसतो म्हणून मी गच्चीभर नजर फिरवली. कावळ्याखेरीज कोणी नव्हतं. कठड्यावर त्यांचा फोन उभा करून ठेवला होता आणि त्यावर आकडे पळत होते. अकरा मिनिटं, चाळीस सेकंद.

मग त्यांनी डोळे उघडले, हात वर काढून काठ धरला आणि उठायचा प्रयत्न केला. बोटं काठावरून घसरली. परत धरला, परत घसरली. बोटं वळतच नव्हती, लाकडाची असल्यासारखी. त्या ओरडल्या नाहीत. तिसऱ्यांदा काठ धरायला गेल्या तेव्हा मी धावले.

मला बघून त्या म्हणाल्या, "हात." एवढंच. शब्द जड येत होता.

मी त्यांच्या काखेत हात घालून ओढलं. ड्रम कलला, मी मागे पडले, आणि सगुणाताई, बर्फ, पाणी, एक चुकार कोळंबी, असं सगळं माझ्या अंगावर आलं. त्या उठून बसल्या आणि थरथरायला लागल्या. थरथर अशी की दात वाजत होते. मी म्हटलं, खाली जाऊन बादलीभर कढत पाणी आणते, अंगावर ओतते. त्यांनी मान जोरात हलवली. थर्मासकडे बोट दाखवलं, मग रेनकोटखालच्या गाठोड्याकडे. त्यात कोरडा पंचा, लोकरी शाल, दोन स्वेटर, पायमोजे, सगळं ज्या क्रमाने लागेल त्या क्रमाने रचलेलं. पाठीवरची चेन मी उघडली. त्यांच्या बोटांनी ती अजून तासभर उघडली नसती. अंग पुसलं, आधी वरचे कपडे घातले, मग खालचे. आल्याचा गोड चहा पेल्यातून घोट घोट पाजला. मी अजून घाबरलेली बघून त्या दातांच्या वाजण्यातून म्हणाल्या, "कापतंय तवर बरं. कापायचं थांबलं तर बोंबल मार."

पोशाखाचे पाय मी पिळायला घेतले तर कडेने काळ्या ठिगळांची रांग, सायकलच्या ट्यूबला लावतात तसली. ते बघून मात्र मला हसू आलं. त्याही हसल्या आणि मग हळूहळू सगळं सांगितलं.

कृतिका तलावावर लोकांना फळीवर उभं राहून वल्हवायला शिकवते. रुंद, फुगवलेली फळी, हातात लांब वल्हं. मागच्या वर्षी तिने व्हिडिओ पाठवला तेव्हा सगुणाताईंना त्यात नवीन काहीच दिसलं नाही. मिठागराच्या चरात भरतीचं पाणी शिरलं की त्यांचा बाप मोडक्या दाराच्या फळीवर उभा राहून बांबूने रेटत जायचा, आणि बाप जेवायला बसला की ती फळी ह्यांची. सोळाव्या वर्षी उतरल्या त्या परत चढल्या नाहीत. मुलीला म्हणाल्या, मी येते, मला उभी कर. मुलगी म्हणाली, आई, एप्रिलमध्ये इथे बर्फ वितळून येतो, पाणी आठ अंशांवर असतं. पडलीस तर पहिल्या मिनिटात श्वास कोंडतो, आणि माणूस बुडतो तो पोहता येत नाही म्हणून नाही, त्या पहिल्या श्वासाला पाणी आत घेतो म्हणून. कपडे हवेच्या मानाने नाही, पाण्याच्या मानाने घालायचे. आईला वेगळा नियम नाही. डॉक्टरचा कागद, आणि गार पाण्यात दहा मिनिटं, श्वास मोजत, तेही दर वेळी थोडं थोडं वाढवत. मग वीस एप्रिलला ये.

डॉक्टरचा कागद झाला होता, तो गुलाबी चौकटींचा. पाटाखालचं लाटणं म्हणजे फळीवरचा तोल. फ्रीजचा बर्फ ड्रमाला पुरेना म्हणून मासळीबाजारातल्या बर्फवाल्याशी ठरवलेलं, आठवड्यातून तीनदा अर्धी लादी. गुरुवारी त्या बर्फाने आंघोळ झाली की खाली येऊन परत डोक्यावरून आंघोळ, मग देवापुढे दिवा. "झाली एक" म्हणाल्या होत्या ते त्या हिशेबाने खरंच होतं. आणि पोशाख? कृतिकाने तिच्या जुन्यातला पाठवला होता, तो लांब झाला, तर लांब कापड टेलरकडेच जातं ना. व्हिडिओवर टक्स बघून मुलीने कपाळाला हात लावला. ज्या कापडाने पाणी अडवायचं त्याला गुरुदत्तने अडीचशे भोकं पाडली होती. मग पंक्चरवाल्याने सोल्यूशन लावून ती बुजवली, वर ट्यूबचे तुकडे चिकटवले. फळीला पायाशी बांधायची दोरी तेवढी मुलीकडची येणार होती. ती दोरी टेलरला दाखवायची नाही, अशी तंबी होती.

मी म्हटलं, "आणि मी रोज तुमच्याजवळ बसते, ते?"

सगुणाताईंनी पेला खाली ठेवला. मुलीचा सगळ्यात मोठा नियम तोच होता. एकटीने पाण्यात उतरायचं नाही. जवळ माणूस हवं, हातात घड्याळ, डोळे पाण्यातल्या माणसावर. दहा झाली की बाहेर, कितीही बरं वाटत असलं तरी. बोलणं वाकडं झालं तर त्याआधीच बाहेर. एकटीने केलेली मिनिटं ती धरणार नाही.

"कमलेशला बोलली असती तर तो ड्रम भंगारात देईल," त्या म्हणाल्या. "म्हनून पोरीला तुजं नाव सांगितलं. बिल्डिंगमदी टक लावून बघनारी तूच एकटी. खोटं सांगायचं तर पटनारं सांगावं."

मला राग यायला हवा होता. पण मला ती बोटंच दिसत होती, ड्रमच्या काठावरून घसरणारी. घड्याळ कठड्यावर पळत होतं आणि ते थांबवायलाही त्यांच्याकडे बोट नव्हतं. कमलेश दहा मिनिटं उशिरा पोचला होता. आज मी दार ढकललं नसतं तर?

मी स्पष्टच सांगितलं की संध्याकाळी कमलेश मला विचारणार आहे, आणि त्याला खोटं सांगायला मला जमणार नाही. मनात म्हटलं, आता ह्या हात धरतील, गप्प राहा म्हणतील. त्याची मी तयारी करत होते.

"सांग की," त्या म्हणाल्या. "बोलूदे त्याला काय बोलायचं ते. तो माजा पोरगा हाय, मी त्याची नाय." मग दोन्ही हात शालीत घेऊन त्या गच्चीच्या कठड्यापलीकडे बघत राहिल्या. इमारतींच्या फटीतून खाडीचा करडा तुकडा दिसतो तिथून, भरती असली तर. थरथर कमी झाली होती, ओठांवर रंग येत होता. "आज मना वाटलं, हात माजे नायत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "भ्यायली मी. मिठागरात कदी भ्यायली नव्हती."

खालून सान्वीची हाक आली, आई, गॅसवर काहीच नाहीये. मी उठले. ओल्या साडीचा घोळ पिळला आणि बाकीचा बर्फ पायाने मोरीकडे लोटला. सगुणाताईंनी फोन उचलला, बोटं आता वळत होती, आणि पळणारे आकडे थांबवून तो माझ्या हातात दिला.

"परवा गुरुवार," त्या म्हणाल्या. "साडेसहाला वर ये. घड्याल तू धर, आनि दहा मिनिटं माज्याजवल बस."